कप्तानाच्या कोटाची पर्स

१

पैज लागली तेव्हा लामर्टच्या तोंडात अख्खी हेरिंग मासळी होती. शेपटी धरलेली, मान मागे टाकलेली, वर कांदा. अशा अवस्थेत माणसाने पैज लावू नये. पण मीही समोरच्याला अशा अवस्थेतच गाठतो.

माझा मासळीचा गाडा हॉलंडातल्या हार्लिंगनच्या बंदरावर, आमच्या दोरवाले गल्लीच्या तोंडाशी. गल्लीतली निम्मी भांडणं तिथेच पेटतात, आणि बऱ्याचदा काडी माझी असते. त्या दिवशी विषय होता पर्सचा.

गल्लीत नाव घेण्यासारख्या पर्स दोनच. एक लामर्टच्या बायकोची, आलेटाची. तपकिरी, मोठ्या झाकणाची, खांद्यावरच्या पट्ट्याला सोनेरी नावाची पट्टी लटकलेली. लामर्टने ती तिला वाढदिवसाला दिली होती, आणि ती पॅरिसची आहे हे गल्लीतल्या मांजरांनासुद्धा पाठ होतं. दुसरी हिलकेची. ती हिलके घरी शिवत होती, आलेटाच्या पर्सकडे कॉफी पिता पिता चोरून बघून. चोरून अशासाठी, की आलेटा ती कुणाच्या हातात देत नसे. "हाताचं तेल लागतं गं त्याला," म्हणायची. मग हिलकेने भिंतीला लावायच्या जुन्या कागदावर अंदाजाने नमुना कापला, आणि काय सांगू, पर्स अशी उतरली की मी दोनदा फसलो.

"हॅ!" लामर्टने घास गिळला. "घरी शिवलेली ती घरी शिवलेली. पॅरिसची ती पॅरिसची. शेंबडं पोरगंही ओळखेल."

"ह्या गल्लीत कुणीही ओळखून दाखवावी. मी हरलो म्हणेन."

"लाव पैज."

"लावली! राजाच्या वाढदिवसाला भर रस्त्यात टेबल टाकू. दोन्ही पर्स शेजारी शेजारी, पट्टी काढून. आधी गल्लीने बोट दाखवायचं, मग बंदरावरचा म्हातारा खोगीरवाला, जन्मभर कातडं हाताळलेला, हातात घेऊन, वास घेऊन निकाल देणार. हरेल त्याने फळीत तोंड घालायचं."

फळी म्हणजे आमच्या गल्लीची. तिच्यावर राजा रंगवलाय, तोंडाच्या जागी भोक. भोकात एकाचं डोकं, समोर ओल्या स्पंजांची बादली आणि तोंडावर नेम धरणारी सगळी गल्ली.

खोगीरवाल्याचं नाव निघालं तशी लामर्टने हातातली शेपटी खाली ठेवली. पण रांगेतली माणसं बघत होती. "ठरलं," तो म्हणाला.

तेवढ्यात पावसाची सर आली आणि आलेटा केस सेट करून धावत आली, पर्स डोक्यावर छत्रीसारखी धरून. माझ्या छपराखाली शिरली, पर्सवरचं पाणी बाहीने फर्रकन पुसलं. "काय ठरलं?"

मी मीठमसाला लावून सांगितलं. तिचा चेहरा असा पडला, की मला वाटलं केस बिघडले बहुतेक.

मी जाम खूश होतो. पुढे कित्येक दिवस तसं हसायला मिळालं नाही.

२

राजाचा वाढदिवस आठवड्यावर आला असताना हिलके भर दुपारी घरातल्या चपलांवर माझ्या गाड्यापाशी आली.

"बाउके, दे."

"काय देऊ? बांगडा?"

"मस्करी पुरे. खिडकीत होती ती. डोळ्यांत औषध घालून मी आत पडले होते. उठून चाचपलं तर नाही. दे रे."

मी हसलो. सवय. आणि हिलके, जिने नवऱ्याच्या मातीला डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं, ती कांद्याच्या डब्यावर हात टेकून रडायला लागली.

"मी नाही घेतली गं."

"डोलकाठीवर चढवलेली लामर्टची सायकल पण तू नव्हतीच चढवलीस."

ती तर मीच चढवली होती.

ती पर्स हिलकेच्या नवऱ्याच्या कोटाची होती. सिब्रांड टगबोटीचा कप्तान. जन्मभर एकच कातडी कोट घालून त्याने मोठमोठी जहाजं बंदरात ओढून आणली. तो गेला तेव्हा मुलगी, येल्का, वेळेवर पोचली नाही. वादळात विमानं बंद होती, कुणाची चूक नव्हती, पण तेव्हापासून ती बापाचं नाव निघालं की खोलीतून उठून जायची. आता ती कॅनडाला चालली होती, कायमची, राजाच्या वाढदिवसाच्या संध्याकाळच्या विमानाने. हिलकेने कोट कापला आणि लेकीच्या आवडीच्या झोकात पर्स शिवली. खांद्यावरचा पट्टा कोटाच्या खांद्याचाच.

"दुसरी शिव म्हणशील," हिलके म्हणाली. "कोट संपला. आणि माझे डोळे पण. बघते तिथेच मधोमध डाग येतो. डॉक्टर म्हणाला, उन्हाळ्यानंतर सुईचं नाव काढू नका. ही शेवटची होती बाउके. तुला हसायचं असेल तर माझ्या तोंडावर हस, पण ती दे."

मी मुलांच्या शपथा घेतल्या. ती मान हलवत गेली.

संध्याकाळी येल्का आली. "बाउकेकाका, आईला मी सांगितलंय की तुम्ही शेवटच्या क्षणी काढून द्याल, सगळ्यांसमोर, तुमच्या पद्धतीने. ती त्या आशेवर जेवलीय आज. द्याल ना?"

जन्मभर थापा पचवल्या ह्या गल्लीने माझ्या, आणि एक खरं वाक्य पचेना! चोर मलाच शोधायचा होता. नाहीतर ती पोरगी रिकाम्या खांद्याने विमानात बसणार होती, आणि हिलके मरेपर्यंत मला गुन्हेगार समजणार होती.

३

सकाळी मी आधी हिलकेकडे गेलो. तिने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही.

"हवं तर चोर समज," मी म्हटलं. "पण सांग, दहा पर्समधून तुझी कशी ओळखू?"

ती म्हणाली, "झाकणाच्या आत, डाव्या कोपऱ्यात, दोन बारीक भोकं. सिब्रांड तिथे टगवाल्यांचा बिल्ला लावायचा. कातड्याला एकदा सुई लागली की भोक कायमचं. कापडासारखं बुजत नाही ते. म्हणून शिवताना आम्ही टाचण्या लावत नाही, चिमटे लावतो. तो तुकडा मी मुद्दाम झाकणाखाली घेतला. पर्स उघडताना येल्काचा अंगठा बरोबर तिथे जाईल."

"हे कुणाला माहीत होतं?"

"कुणाला नाही. लेकीला पण नाही." आणि दार लावलं.

मागचं दार दिवसभर उघडं, पुढच्या खिडकीला पडदा नाही, आणि जेवणानंतर हिलके औषध घालून डोळे मिटून पडते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक. म्हणजे कुणीही नेऊ शकलं असतं. पण न्यावीशी कुणाला वाटेल?

लामर्ट सायकलला तेल घालत होता. "माझ्यावर संशय? मी कशाला चोरू? मी जिंकणारच होतो!"

"मग वाईट वाटलं असेल तुला."

"वाटलं ना. पण काय करणार, पर्सच नाही तर पैज रद्द. हो ना? रद्दच ना?" आणि त्याने असा सुस्कारा सोडला की चेनवरचं तेल उडालं.

जिंकणारा माणूस पैज मोडली म्हणून इतका खूश? हे मला खटकलं. पण लामर्ट पायऱ्या चढतानाही कण्हतो. दबक्या पावलांनी दुसऱ्याच्या घरात शिरणं त्याच्या बापाला जमलं नसतं.

तिथून निघालो तो योरिनाच्या खिडकीपाशी थबकलो. योरिना म्हणजे हिलकेची शिवणाच्या वर्गातली मैत्रीण. दोघी शेजारी बसून शिवतात आणि एकमेकींच्या टाक्यांना नावं ठेवतात. तिच्या मशीनच्या सुईखाली एक तपकिरी, गोल कोपऱ्याचं, मोठं झाकण होतं.

हिलकेच्या पर्सचं झाकण!

४

मी दार न वाजवता आत घुसलो. योरिनाने ते झाकण चटकन मांडीखाली सरकवलं.

"काढ बाहेर."

"बाउके, आधी बूट काढ! जमीन पुसलीय मी."

"झाकण काढ म्हणतो."

काढलं. तोंड टोमॅटोसारखं लाल. मी झाकण उलटं केलं. डाव्या कोपऱ्यात दोन भोकं होती. उजव्या कोपऱ्यातही होती. वरही, खालीही! सगळ्या कडेने नुसती रांग, मुंग्या चालल्यासारखी.

"टाचण्या लावल्यास तू?"

"सवयीने लावल्या रे," ती रडकुंडीला आली. "जन्मभर पडदे शिवले मी. कातड्याला टाचणी लावायची नाही हे ती शंभरदा सांगते. सगळं वाया गेलं. तिला सांगू नकोस, मी तिचा नमुन्याचा कागद बघायला आणला होता, तो परत देण्याआधी गुपचूप उतरवून घेतला. मला पण तशी हवी होती."

हिलकेचा हात असता तर टाचणीचं एकही भोक नसतं. हे योरिनाचंच होतं, आणि बिचारीचं फुकट गेलं होतं. मी निघालो. दारात ती म्हणाली, "बाउके, दे ना रे तिला तिची पर्स."

तिलाही मीच वाटत होतो.

दिवस सरत होते. मी गोदामं पाहिली, जुन्या वस्तूंची दुकानं पाहिली, कचऱ्याच्या पेटीत कमरेपर्यंत वाकलो, तर पलीकडच्या म्हातारीने पोलिसांना फोन केला. गाड्यावर गिऱ्हाईक येईना. आलंच तर मासे घेऊन, "लाज नाही वाटत?" असं विचारून जायचं. रात्री बायकोसुद्धा पाठ फिरवून म्हणाली, "बाउके, मला तरी सांग कुठे ठेवलीस." लग्नाच्या बायकोने असं विचारल्यावर माणसाने बंदरात उडी मारावी की काय करावं?

येल्काच्या पेट्या दारात येऊन पडल्या. उद्या वाढदिवस. माझ्या हाती काही नाही.

त्या दुपारी मी रिकाम्या गाड्यावर उभा, आणि पुन्हा पावसाची सर आली. आलेटा केस सेट करून धावत आली. उद्याच्या सणासाठी केलेले केस, कपाळाला चिकटलेले, पाणी नाकावरून टपटपतंय. आणि पोटाशी, रेनकोटच्या आत, बटणं लावून, तान्ह्या पोरासारखी जपलेली तिची पर्स.

छपराखाली आली, हसली, म्हणाली, "कसला मेला पाऊस."

मी हातातली सुरी खाली ठेवली.

५

लामर्ट फळीला रंग द्यायला बाहेर पडल्यावर मी हिलकेला हाताला धरून आलेटाच्या स्वयंपाकघरात नेलं. हिलके यायला तयार नव्हती. "ही शेवटची मस्करी समज," म्हटलं तेव्हा आली.

आलेटाने कॉफी ओतली. बिस्किटांचा डबा उघडला, एकेक दिलं, डबा बंद केला. पर्स खुर्चीवर, तिच्या पाठीमागे.

"आलेटा," मी म्हटलं, "पैज लागली त्या दिवशी पाऊस होता. तू पर्स डोक्यावर धरून आलीस. बाहीने पुसलीस आणि कोरडी झाली. आज पर्स कोटात आणि केस पावसात. बायका केसांपेक्षा पर्सला जपायला कधीपासून लागल्या?"

"पॅरिसची आहे ती."

"त्या दिवशी पण पॅरिसचीच होती. खऱ्या कातड्यावर पाणी पडलं की डाग उमटतो. खरी असती तर त्या दिवशी तू ती डोक्यावर धरली नसतीस. नुसती पुसून कोरडी झाली, कारण ती प्लास्टिकची होती. आणि तुला ते माहीत होतं. म्हणून तू ती कधी हिलकेच्या हातात दिली नाहीस. तिच्या बोटांना एका क्षणात कळलं असतं."

आलेटाने बिस्किटांचा डबा पुन्हा उघडला आणि पुन्हा बंद केला.

"मी खोगीरवाल्याचं नाव काढलं आणि तुझा चेहरा पडला. माझं लक्ष तुझ्या केसांवर! उद्या त्याने दोन्ही पर्स हातात घेतल्या असत्या आणि भर गल्लीत सांगितलं असतं, कातड्याची एकच, ती घरी शिवलेली. ते टाळायचं तर एक पर्स नाहीशी व्हायला हवी. मी गोदामं धुंडाळली, कचरा उपसला. आणि आठवडाभर ती माझ्या नाकासमोरून ये-जा करत होती, तुझ्या हातात, तुझी नावाची पट्टी लावून. तुझ्या हातातली पर्स कोण बघणार? ती तुझीच."

"काहीही बोलतोस."

"मग हिलकेच्या हातात दे."

आलेटाने मागे हात नेला आणि पर्स टेबलावर ठेवली. हिलकेने ती नुसती ओढून घेतली, डोळे मिटले, झाकणाखाली अंगठा घातला. डाव्या कोपऱ्यात थांबली.

"सिब्रांड," ती म्हणाली.

मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

"मी आत पडले होते," हिलके म्हणाली. "तू माझ्या घरात शिरलीस, मी डोळे मिटून पडलेली असताना. मी हाक मारली होती. कोण आहे, म्हणून. तू उत्तर दिलं नाहीस."

"उद्यानंतर परत ठेवणार होते गं."

"उद्यानंतर येल्का नाही."

आलेटा कोसळली ती बिस्किटांच्या डब्यावरच. हुंदके देत म्हणाली, "कडी तुटली म्हणून दुकानात नेली होती एकदा. तिथल्या पोरीने हात लावला आणि नुसती हसली. हिलके, लामर्टची नोकरी गेली होती त्या साली. तरी त्याला माझ्यासमोर रिकाम्या हाताने यायचं नव्हतं. कुठल्याशा बाजारातून आणली आणि पॅरिसची म्हणाला. मला कळलंय हे त्याला माहीत नाही. मग मीच सगळ्यांना सांगत सुटले, म्हणजे त्याला वाटावं माझा विश्वास आहे. आणि तो मूर्ख पैज लावून बसला! माघार कशी घेणार? उद्या सगळ्यांसमोर त्याचं तोंड कसं झालं असतं, सांग. घरात लपवली असती तर त्याला सापडली असती, म्हणून हातातच धरली. माझी होती ती कापून कचऱ्यात टाकली."

"तुझं तोंड वाचवायला माझं काळं केलंस," मी म्हटलं. राग आला होता मला, खराखुरा.

हिलके बराच वेळ पर्सवर हात फिरवत राहिली. माफ केलं असं काही म्हणाली नाही. पुढेही कधी म्हणाली नाही. मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा बाजूला बघत म्हणाली, "बाउके, तूच नेली होतीस."

"मी?"

"गल्ली तसंही तेच म्हणतेय. तुझं काय जाणार आहे?"

"आणि आलेटाची कुठे गेली म्हणून विचारतील ते?"

"ती पण तूच नेलीस. मला काय विचारतोस, थापा तुला येतात."

६

राजाच्या वाढदिवसाला सगळी गल्ली राजघराण्याच्या नारिंगी रंगात. रस्त्याभर चादरी, त्यांवर विकायला मांडलेले फुटके दिवे, जुने कप, एका पायाच्या बाहुल्या. मधोमध टेबल, टेबलापाशी खोगीरवाला म्हातारा चष्मा पुसत बसलेला. टेबल रिकामं.

मी खुर्चीवर चढलो. "मंडळी, मीच नेली होती!" आणि पर्स उंच धरली.

"म्हटलं नव्हतं मी!" योरिना ओरडली. सगळ्यांनीच म्हटलं होतं म्हणे. येल्का धावत आली, माझ्या हातून पर्स घेतली. मला चापट मारणार होती, पण झाकण उघडायला गेलेला तिचा अंगठा मधेच थांबला. हिलकेने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मग त्या दोघी तिथेच, त्या बाहुल्यांच्या चादरीवर, एकमेकींना धरून बसल्या, आणि ह्या वेळी बापाच्या नावाने येल्का उठून गेली नाही.

"आणि आलेटाची?" कुणीतरी विचारलं. "दुसरी पर्स कुठाय?"

"ती पण मीच नेली. पण माझ्या हातून बंदरात पडली. बुडाली."

पॅरिसची पर्स पाण्यात! असा गलका झाला की विचारू नका. "फळीत घाला त्याला!" "स्पंज कसले, बर्फ आणा!" मी निमूट फळीकडे चाललो. हरलो होतोच, पर्स ओळखणारा गल्लीतला पहिला माणूस मीच. फक्त हे मला कुणाला सांगता येणार नव्हतं.

लामर्ट जागचा हलला नव्हता. ज्याच्या बायकोची खरी पॅरिसची पर्स मी बुडवली, त्याने माझा गळा धरायला हवा होता. तो आलेटाच्या रिकाम्या हाताकडे बघत होता. मग तिच्या चेहऱ्याकडे. तिनेही नजर काढली नाही. दोघं नुसतेच बघत राहिले, आणि लामर्टचे कान हळूहळू लाल होत गेले.

मी डोकं भोकात घालणार तोच त्याने मला कोपराने बाजूला सारलं.

"सरक. मी हरलो."

"अरे, हरला तो बाउके!"

"माझी पॅरिसची बुडाली, आणि मला काही वाटत नाही," लामर्ट भोकातून म्हणाला. राजाच्या अंगावर त्याचं लाल तोंड. "ती दुसरी बुडाली असती तर सगळी गल्ली रडली असती. मग जिंकली कुठली? मारा आता, मान अवघडतेय माझी."

लोकांना ती मस्करी वाटली. हसले, बादलीकडे धावले. पण आलेटा आधी पोचली होती. तिने सगळ्यात मोठा स्पंज उचलला, बादलीत गच्च बुडवला. लामर्टने डोळे मिटले नाहीत.

"ही घे," ती म्हणाली, "पॅरिसची!"

फाड्‌कन बसला. बर्फासारखं पाणी लामर्टच्या नाकातोंडात गेलं, तो खोकला, शिंकला, आणि आलेटा हसता हसता तिथेच रस्त्यावर खाली बसली. "अजून एक मार," तो भोकातून म्हणत होता, "अजून एक मार, आलेटा."

"मलाही द्या एक," हिलके माझ्या शेजारी येऊन म्हणाली. "कुठे आहे तो?"

मी तिच्या हातात स्पंज दिला, खांद्यांना धरून तिला फळीकडे वळवलं. "सरळ समोर. जरा वर."

तिने हात मागे नेला, गर्रकन वळली आणि स्पंज सगळ्या ताकदीनिशी माझ्या तोंडावर हाणला. गल्ली हळहळली. बिचारीचे डोळे!

"लागला का रे?" हिलकेने विचारलं.

मी तोंडातलं पाणी थुंकलो. "मधोमध."

"मग दुसरा दे," ती म्हणाली.